आलं नि गेलं: स्क्रिप्टला बोलतं करताना

आई गेली आठ वर्षं तिच्या फोनवरच्या एका अ‍ॅपमध्ये अधूनमधून नोंदी लिहीत आली आहे. कधी दोन ओळी, कधी दोन पानं. सगळ्या मिळून ४१२. त्या अ‍ॅपचे अपडेट केव्हाच बंद झालेत, फोन अँड्रॉइड ७ वर अडकलाय आणि बॅटरी दुपारपर्यंतही टिकत नाही. फोन बंद पडण्याआधी नोंदी बाहेर काढायला हव्या होत्या. अडचण अशी की सगळ्या नोंदी एकदम बाहेर काढायची सोय अ‍ॅपमध्ये नाही. एकेक नोंद उघडायची, निर्यातीच्या चिन्हावर टिचकी मारायची, नाव तपासायचं, ‘जतन करा’ म्हणायचं, मागे यायचं. हे ४१२ वेळा.

मी स्क्रिप्ट, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला घेतली. अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेच्या (अपंग व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून असलेली, पडदा वाचू शकणारी अँड्रॉइडची सोय) आधाराने दुसऱ्या अ‍ॅपमध्ये टिचक्या मारणारी साधनं असतात, त्यातल्याच एकात, जावास्क्रिप्टमध्ये. टिचक्या मारणारा भाग एका संध्याकाळी झाला. पुढचे दोन आठवडे गेले ते स्क्रिप्टने पडद्यावर काय सांगावं, केव्हा सांगावं आणि किती वेळ सांगावं यात. ते सगळं इथे लिहून ठेवते आहे, कारण सुरुवातीला मलाही वाटलं होतं की टोस्ट म्हणजे एका ओळीचं काम.

टोस्ट म्हणजे पडद्याच्या खालच्या भागात उगवणारी नि आपोआप विरून जाणारी ती छोटी पट्टी. अँड्रॉइडमध्ये ती अगदी पहिल्या आवृत्तीपासून आहे. फोनवर आज्ञा टाइप करून कामं करवणाऱ्या टर्मक्स या अ‍ॅपमध्ये स्क्रिप्ट लिहिणारे ‘टर्मक्स-टोस्ट’ ही आज्ञा वापरतात, फोनची कामं आपोआप करवणाऱ्या टास्कर या अ‍ॅपमध्ये याच कृतीला ‘फ्लॅश’ म्हणतात. माझ्या साधनात नुसतं ‘टोस्ट’ लिहून कंसात मजकूर दिला की झालं.

मुळात ती हवी कशाला? पहिल्यांदा मी स्क्रिप्ट मुकाट्याने चालवली होती. फोन आईच्या समोर टेबलावर, पडदा आपोआप सरकतोय, नोंदी उघडताहेत, मिटताहेत. मधेच अ‍ॅप चार सेकंद अडलं. आईला वाटलं संपलं, तिने फोन उचलला, आणि पुढची टिचकी भलत्याच जागी पडून एक नोंद पुसण्याची पेटी उघडली. स्क्रिप्टची त्यापुढची टिचकी सुदैवाने ‘रद्द’वर पडली. माझा जीव खाली-वर झाला. त्यात आईची काही चूक नव्हती. काम चालू आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मी उत्साहाने प्रत्येक पायरीला टोस्ट घातला. ‘नोंद उघडली’, ‘निर्यात दाबलं’, ‘नाव दिलं’, ‘जतन झाली’. सोबत नोंदीचा क्रमांक. एका नोंदीला चार. टोस्टला कालावधी दोनच मिळतात, आखूड नि लांब; आखूड म्हणजे २ सेकंद, लांब म्हणजे साडेतीन. आपल्या मनाने पाच किंवा सात सेकंद देता येत नाहीत. मी लांब निवडला, आईला वाचायला वेळ मिळावा म्हणून.

थोड्या वेळाने आई म्हणाली, “अगं, हे नऊ म्हणतंय. पण मघाशी उघडली ती नोंद तर पुढची होती.”

खरंच होतं. पडद्यावर ९ वी नोंद, आणि लॉगमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट स्वतःच्या कामाची नोंद ठेवते त्या फाइलमध्ये, स्क्रिप्ट २२ व्या नोंदीवर पोचलेली. एका नोंदीला सहा सेकंद लागत होते आणि तिचे चार टोस्ट दाखवायला चौदा. टोस्ट एकमेकांवर चढत नाहीत, रांगेत उभे राहतात. स्क्रिप्ट मात्र टोस्ट संपायची वाट पाहत नाही. मजकूर सिस्टिमकडे देऊन ती पुढे निघून जाते. रांग वाढत जाते. अँड्रॉइड ७ मध्ये एका अ‍ॅपचे ५० टोस्ट रांगेत झाले की त्यापुढचे गुपचूप टाकून दिले जातात, त्यामुळे काही संदेश कधी दिसलेच नाहीत. मी स्क्रिप्ट थांबवली तरी पट्ट्या येतच राहिल्या, जवळजवळ तीन मिनिटं. काम थांबलेलं नि फोन सांगतोय ‘नोंद उघडली’. आई माझ्याकडे पाहत होती आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

उपाय सोपा आहे, पण तो सापडायला मला वेळ लागला. नवा टोस्ट दाखवण्याआधी जुना रद्द करायचा. त्यासाठी जुना टोस्ट हातात असावा लागतो, आणि साधनाची तयार आज्ञा तो परत देत नव्हती. म्हणून मी स्क्रिप्टमधून थेट अँड्रॉइडचा टोस्ट वर्ग, म्हणजे टोस्ट बनवायचा मूळ साचा, वापरला: एकच चल (काहीतरी साठवायची नाव दिलेली जागा), त्यात चालू टोस्ट, नवा आला की आधी त्या चलावर ‘कॅन्सल’, मग नवा बनवून ‘शो’. हे पहिल्यांदा चालवलं तेव्हा स्क्रिप्ट कोसळली. त्रुटी ‘लूपर’बद्दल होती. टोस्ट दाखवणाऱ्या थ्रेडला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्याला, संदेशांची स्वतःची रांग लागते; ती चालवणारा तो लूपर. स्क्रिप्टच्या पार्श्वभूमीतल्या थ्रेडला ती नव्हती. कोडच्या त्या चार-पाच ओळी पडदा सांभाळणाऱ्या मुख्य थ्रेडवर चालवायला सांगितल्यावर सुरळीत झालं. ज्यांना असं थेट करता येत नाही त्यांनी निदान टोस्ट कमी करावेत. एका नोंदीला एक, आणि तोही आखूड.

पण कमी करायचे तर कोणते? ते आईनेच ठरवलं. एका फेरीत ‘टिचकी फसली, पुन्हा प्रयत्न २’ असं आलं. तिने विचारलं, “हे मला सांगतंय की तुला?”

मी थबकले. ते मलाच सांगत होतं. स्क्रिप्ट लिहिताना आपण स्वतःसाठी खुणा पेरतो, इथवर आलं, तिथवर आलं. त्या खुणांची जागा लॉग फाइलमध्ये आहे, तिथे वेळही नोंदली जाते आणि त्या नंतर वाचताही येतात. पडद्यावरची पट्टी समोर बसलेल्या माणसासाठी असते. आईला फक्त तीन गोष्टी कळायला हव्या होत्या: काम चालू आहे, किती झालं, आणि फोनला हात लावू का नको. ‘टिचकी फसली’ वाचून तिला फोन बिघडल्याची भीती वाटली होती. तेव्हापासून माझ्या स्क्रिप्टमध्ये ‘आईला’ आणि ‘मला’ अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत. नावं खरोखर तीच आहेत. पहिली पट्टी दाखवते, दुसरी फाइलमध्ये लिहिते. एखादी ओळ लिहिताना यांतली कोणती हे ठरवावंच लागतं.

मजकूर ठरवण्यासाठी मी आईला पट्ट्या मोठ्याने वाचायला लावल्या. चष्मा डोळ्यावर असताना साडेतीन सेकंदांत तिचे पाच-सहा शब्द सहज होत. चष्मा शोधावा लागला तर पट्टी आलेली नि गेलेली. ‘४१२ पैकी १३७ झाल्या’ हे तिला सगळ्यात आवडलं, कारण एखादी पट्टी चुकली तरी पुढची तेच सांगते, आकडा फक्त एकाने वाढतो.

पहिली पूर्ण फेरी त्या रात्री झाली. एक्केचाळीस मिनिटं. शेवटची पट्टी आली, ‘४१२ पैकी ४१२ झाल्या’. आईने टाळी वाजवली. मी फोल्डर उघडून फाइली मोजल्या. ३८९.

हा या सगळ्या प्रवासातला सर्वात वाईट क्षण होता. २३ नोंदी नव्हत्या, आणि माझ्या स्क्रिप्टने प्रत्येकीसाठी ‘झाली’ म्हणून सांगितलं होतं. कोड पुन्हा वाचला तेव्हा कारण समोरच होतं: ‘जतन करा’वर टिचकी, लगेच पुढच्या ओळीत टोस्ट. मधे काहीही तपासलेलं नाही. स्क्रिप्टला एवढंच ठाऊक होतं की तिने टिचकी मारली. नोंद जतन झाली, हे तिला ठाऊक नव्हतं, तरी तिने आईला तसं सांगितलं. मी तिला तसं सांगायला लावलं.

आईला हे सांगताना मला फार जड गेलं. ती एवढंच म्हणाली, “मग मोजून सांगायला शिकव तिला.”

तिचा फोन पुन्हापुन्हा अडकवून ठेवायचा नव्हता, म्हणून मी ते अ‍ॅप माझ्या फोनवर टाकलं, वीस खोट्या नोंदी लिहिल्या आणि तिथे तपास सुरू केला. २३ नोंदींचं कोडं लवकर सुटलं. शीर्षक न दिलेल्या नोंदीला अ‍ॅप तारखेचं नाव देतं. आईने काही दिवशी दोन-दोन नोंदी लिहिल्या होत्या. दुसरी फाइल पहिलीवर जाऊन बसली. आता स्क्रिप्ट नावाच्या रकान्यात आधी क्रमांक घालते.

खरं काम होतं ते ‘झाली’ केव्हा म्हणायचं हे ठरवणं. नोंद जतन झाल्यावर ते अ‍ॅप स्वतःचा टोस्ट दाखवतं, ‘जतन झाले’. अ‍ॅक्सेसिबिलिटी सेवेला टोस्ट ऐकू येतात: कोणत्याही अ‍ॅपचा टोस्ट पडद्यावर आला की एक घटना निघते, तिच्यात मजकूर असतो आणि तो दाखवणाऱ्या अ‍ॅपचं पॅकेजनावही, म्हणजे सिस्टिम त्या अ‍ॅपला ओळखते ते नाव. मी ठरवलं, टिचकी मारल्यावर तीन सेकंद थांबायचं, ‘जतन’ हा शब्द असलेला टोस्ट ऐकू आला तरच पुढे जायचं.

पहिल्या चाचणीत वीसच्या वीस यशस्वी. मला शंका आली, म्हणून मी मुद्दाम फोनची साठवण परवानगी काढून घेतली, म्हणजे जतन होणं शक्यच नाही. तरीही वीसच्या वीस यशस्वी. माझीच पट्टी ‘नोंद ५ जतन करते आहे’ असं म्हणत होती, आणि माझीच स्क्रिप्ट ते ऐकून खूश होत होती. आपलाच आवाज ऐकून ‘हो’ म्हणणारी ही स्क्रिप्ट परवानगी काढून घेतली नसती तर आईच्या फोनवर गेली असती. पॅकेजनाव तपासायची अट घातली, तेव्हा हे थांबलं.

मग उलटं सुरू झालं. आईच्या फोनवर पाच नोंदींची छोटी चाचणी घेतली तर नोंदी जतन होत होत्या आणि स्क्रिप्ट म्हणत होती, झाली नाही. यावर माझे दोन दिवस गेले. कारण पुन्हा रांगच. टोस्टची रांग एकेका अ‍ॅपची वेगळी नसते, सगळ्या फोनची मिळून एक असते. माझी पट्टी साडेतीन सेकंद पडद्यावर, तिच्यामागे त्या अ‍ॅपची ‘जतन झाले’ ताटकळत उभी, आणि ती पडद्यावर येईपर्यंत माझे तीन सेकंद संपलेले. मी ज्याची वाट पाहत होते त्याच्या वाटेत मीच उभी होते. आता ‘जतन करा’ दाबण्याआधी स्क्रिप्ट स्वतःची पट्टी रद्द करते आणि उत्तर मिळाल्यावरच पुढची दाखवते.

तरी एवढ्यावर मी थांबले नाही. एकाच नावाची फाइल दुसरीवर बसते तेव्हाही ते अ‍ॅप ‘जतन झाले’ असंच म्हणतं. त्याच्या दृष्टीने ते खरंही आहे. म्हणून स्क्रिप्ट फोल्डरमधल्या फाइली प्रत्येक नोंदीनंतर मोजते. आकडा एकाने वाढला तरच पट्टी.

पट्टीच्या जागेचाही एक धडा मिळाला. निर्यातीच्या चिन्हाला ना मजकूर होता ना वर्णन, त्यामुळे ते पडद्याच्या प्रतिमेत शोधावं लागत होतं. चिन्ह खालच्या पट्ट्यात, माझा टोस्टही तिथेच. टोस्टवर मारलेली टिचकी आरपार खाली पोचते, कारण ती खिडकी स्पर्श घेतच नाही. पण टिपलेल्या प्रतिमेत टोस्ट उमटतो आणि खालचं चिन्ह झाकतो. बोट आरपार जातं, नजर जात नाही. आईच्या फोनवर मी टोस्ट वरच्या कडेला नेला आणि प्रश्न मिटला. माझ्या नव्या फोनवर तीच आज्ञा काहीच करेना. अँड्रॉइड ११ पासून, त्या किंवा पुढच्या आवृत्तीसाठी बांधलेल्या अ‍ॅपला मजकुराच्या साध्या टोस्टची जागा बदलता येत नाही. तिथे प्रतिमा टिपण्याआधी टोस्ट रद्द करणं आणि अर्धा सेकंद थांबणं हाच मार्ग.

माझ्या फोनने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अँड्रॉइड १२ पासून, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या अ‍ॅपचा टोस्ट दोनच ओळींत बसवला जातो, शेजारी अ‍ॅपचं चिन्हही येतं. उरलेला मजकूर कापला जातो. मी बिघाडासाठी एक सविस्तर संदेश लिहिला होता: नोंदीचा क्रमांक, तिचं शीर्षक, आणि शेवटी ‘जतन झाली नाही’. एका लांब शीर्षकाच्या नोंदीला पडद्यावर आलं ते ‘जतन झाली…’ एवढंच.

आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. वाक्याचा अर्थ उलटवणारा शब्द अगदी टोकाला बसलेला असतो, आणि पट्टी कापते ती टोकालाच. ‘नाही’ गळून पडतं आणि बिघाडाचा संदेश यशाचा होतो. संदेश कापला जात नसला तरी वाचणाऱ्याचा वेळ संपतो तोही टोकालाच. आईच्या फोनवर तीनही ओळी दिसत होत्या, पण तिथवर तिची नजर पोचेपर्यंत पट्टी गेलेली असायची. मराठीत पट्टीचे संदेश लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा स्वतःच्या फोनवर पाहावं असं मला मनापासून वाटतं. मी सगळे संदेश उलटे केले. ‘अडलं: नोंद १३७’. ‘थांबले: जागा संपली’. ‘झाली: १३७ / ४१२’. पहिला शब्दच निकाल सांगतो, मग बाकीचं. शीर्षक पट्टीतून काढलं, ते लॉगमध्ये राहतं.

आणि ‘अडलं’साठी मुळात टोस्ट वापरणंच मी सोडलं. जे पाहायचं राहून गेलं तरी चालतं, त्याला टोस्ट ठीक. स्क्रिप्ट अडली असेल तर आईने पाहेपर्यंत ते पडद्यावर राहायला हवं. तिथे मी उत्तर मिळेपर्यंत न हलणारी पेटी ठेवली, दोन बटणांची, सोबत फोनची थरथर. दुसऱ्या अ‍ॅपच्या वर अशी पेटी दाखवायला ‘इतर अ‍ॅप्सवर दाखवा’ ही परवानगी सेटिंग्जमध्ये जाऊन द्यावी लागते. दीर्घ कामाची प्रगती वरच्या सूचनापट्टीत दाखवायचा पर्यायही आहे, तिथे भरत जाणारी रेघ मिळते. पण अँड्रॉइड ८ पासून त्यासाठी सूचनांचा चॅनेल (एका प्रकारच्या सूचनांचा वेगळा गट) करावा लागतो, १३ पासून वापरणाऱ्याची परवानगीही, आणि ती रेघ पाहायला सूचनापट्टी खाली ओढावी लागते. चालू स्क्रिप्टमध्ये आईने पडद्यावर बोट ओढणं हेच मला टाळायचं होतं. तो पर्याय मी सोडला.

दुसरी पूर्ण फेरी सकाळी केली. फोन चार्जरला लावलेला, आई समोर चष्मा लावून बसलेली. सुरुवातीला एक पेटी: ‘आई, आता पाऊण तास फोनला हात लावू नकोस.’ तिने ‘बरं’ दाबलं. बटणावर ‘ओके’ऐवजी ‘बरं’ हे तिनेच सुचवलं होतं.

२०६ व्या नोंदीला फोन थरथरला. पेटी आली, ‘अडलं: नोंद २०६. पुन्हा करू?’ मी दुसऱ्या खोलीत होते. पूर्वी अशा वेळी तिने मला हाक मारली असती. तिने ‘हो’ दाबलं आणि मी आले तेव्हा पट्टीवर २०९ होतं. “एक अडली होती,” तिने सांगितलं, “मी पुन्हा करायला लावली.”

शेवटची पेटी आली: ‘झालं: फोल्डरमध्ये ४१२ फाइली मोजल्या.’ आईने लगेच ‘बरं’ दाबलं नाही. मला फोल्डर संगणकावर उघडायला लावलं, क्रमांक पाहिला, मग आधी हरवलेल्या २३ पैकी एक नोंद शोधायला सांगितली. एका तारखेची दुसरी, शीर्षक नसलेली. ती मिळाली. तिने ती शेवटपर्यंत वाचली, आणि मग बटण दाबलं.